बायकांच्या सज्ज्यातून

माद्रिद, २३ जानेवारी १६५१

ताई,

पत्र चुलीत घालायच्या आधी एवढी एक ओळ वाच. भावोजींचं ‘बोलकं कुलूप’ माझ्याकडे आहे. कागदावर नाही, डोक्यात. पहिल्या प्रवेशापासून ते शेवटी प्रेक्षकांकडे चुकांची माफी मागतात तिथपर्यंत.

अजून वाचत असशील तर पुढचं सांगते. परवा आमच्या दुकानात बेर्मुदो आला, तुमच्या मंडळीत म्हाताऱ्यांची कामं करतो तो. डोक्यावर एक केस नाही आणि कंगवा मागायला लागला. लुपेर्सिओने, माझ्या नवऱ्याने, शिंगाचा चांगला कंगवा पुढे केला, तर म्हणतो, “दाढीसाठी हवाय. दाढी खोटी आहे, पण तिचाही मान राखावा लागतो.” त्याने मला ओळखलं नाही. मी त्याला आवाजावरून ओळखलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, ओलाया रोल्दान कशी आहे, दामियान कसे आहेत.

भावोजी गेल्याचं मला असं कळलं, ताई. दीड वर्षाने, कंगव्यांच्या दुकानात, परकी बाई म्हणून. सेव्हिलच्या साथीत गेले, आणि त्यांचं अंथरूण, कपडे, नाटकांची पेटी, सगळं दारासमोर जाळावं लागलं, हेही तेव्हाच कळलं. मी मागच्या खोलीत जाऊन शिंगाच्या भुशात बसून रडले. लुपेर्सिओने दुकानाची फळी लावली.

बेर्मुदो आणखी एक बोलून गेला. ईस्टरच्या सोमवारी इथल्या नाटकघरात तुमचा खेळ आहे. पाच वर्षांनी दार उघडतंय. राणी गेली, राजपुत्र गेला, मग धर्मगुरू म्हणाले नाटकंच नकोत, आणि आता कुठे राजाचं मन वळलं. तू ‘बोलकं कुलूप’ करीन म्हणून शब्द दिलास, कारण लोक अजून त्याचं नाव काढतात. नाटक उभं राहिलं नाही तर तो सोमवार दुसऱ्या मंडळीला जाईल आणि तुझी नऊ माणसं नऊ वाटांना लागतील. “बाईंना त्यांची स्वतःची नक्कल थोडीफार येते,” बेर्मुदो म्हणाला, “पण आपण कुणाला उत्तर देतोय तेच आठवत नाही. उरलेल्यांच्या नकला पाठ असणारे मेले नाहीतर पांगले.”

मला येतं. कसं येतं ते तुला ठाऊक आहे, आणि अकरा वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस ते त्याच्याचपायी. पण येतं. पहिला अंक लिहायला घेतला आहे. तू उत्तर दिलं नाहीस तरी पाठवणार.

कासिल्दा


माद्रिद, ६ फेब्रुवारी

ताई,

पहिला अंक सोबत आहे. तिबुर्सिओ खेचरवाल्याला सांगितलंय, की पुडकं तुझ्याच हातात द्यायचं. मागचं पत्र त्यानेच नेलं होतं. परत आल्यावर मी त्याला विचारलं, बाई काय म्हणाल्या.

“काही नाही. घेतलं आणि दार लावलं.”

“आपटलं की नुसतं लावलं?”

त्याने बराच विचार केला. “नुसतं लावलं,” म्हणाला.

मी त्याला वाइनचा पेला दिला.

लिहिणं कसं चाललंय ते सांगते. मला नाटक नुसतं आठवायला गेलं तर आठवत नाही. मला मनाने नाटकघरातल्या बायकांच्या सज्ज्यात परत जाऊन बसावं लागतं. अकरा वर्षांपूर्वी तीन दुपारी मी तिथे बसले होते, बायका दाबून बसवणारा तो माणूस “सरका गं, सरका, देवाने सगळ्यांना हाडं दिलीत ती आत घ्या” म्हणत माझ्या गुडघ्यावर आणखी एकीला बसवत होता. डावीकडे हेझलनट फोडणारी जाड बाई. काकाचं पहिलं भाषण तिच्या दातांखाली कडकडत होतं, म्हणून कडकड आठवली की भाषण येतं. समोर एक विधवा, पंखा मिटायची तेव्हा नायकाचा प्रवेश. एका मुलीने खाली अंगणातल्या पुरुषांवर संत्र्याची साल फेकली, तिथे दुसरा प्रवेश संपतो. अशी एकेक बाई धरून मी पुढे सरकते.

मीटर लुपेर्सिओ सांभाळतो. तो करवतीने कंगव्याचे दात पाडत असतो आणि मी म्हणत असते. आठ अक्षरांना आठ दात, एक ओळ. कुठे ओळ लांबली की त्याचा हात अडखळतो आणि तो म्हणतो, “इथे एक दात जास्त झाला.” अजून त्याचं चुकलेलं नाही.

त्याने नाटक पाहिलेलं नाही, म्हणून गोष्ट विचारली. मी सांगितली. काका पुतणीला कोंडून ठेवतो. पुतणी पळते, पुरुषाचे कपडे घालते, कुलूपवाला बनून त्याच घरी येते, आणि काका तिलाच सांगतो की माझ्या पुतणीच्या खोलीला असं कुलूप बसव की ती जन्मात पळणार नाही.

“आणि खोली रिकामी आहे हे त्याला कळत नाही?”

“आत मोलकरीण आहे, बेनिता. ती कुलपाच्या भोकातून पुतणीच्या आवाजात बोलते. शिवाय स्वतःच्या आवाजातही बोलते. दोघींचं भांडणही करून दाखवते.”

लुपेर्सिओ इतका हसला की दोन दात एकदम उडाले. बायकांचा लांब कंगवा होता, आता तो दाढीचा करावा लागेल. बेर्मुदोला देऊ.

मी तेव्हा काय केलं ते तुला माहीत आहे. का केलं ते आज नको.

कासिल्दा


माद्रिद, २४ फेब्रुवारी, ईस्टरआधीच्या उपासाचा पहिला शुक्रवार

ताई,

तिबुर्सिओ म्हणतो, तू त्याला आत बोलावलंस आणि सूप दिलंस. कसलं, म्हटलं. हरभऱ्याचं, पालक घालून. म्हणजे आईचं. मला आनंद झाला, एवढंच लिहिते.

दुसरा अंक सोबत आहे, पण त्यात एक भोक आहे. तू कुलूपवाल्याच्या वेषात पहिल्यांदा येतेस, विजार, चामड्याचा एप्रन, खांद्यावर हत्यारांची पिशवी, तिथे बारा ओळींची जागा कोरी सोडली आहे. बारा आहेत हे मला तुझ्या ओठांवरून कळलं होतं. ओळी मात्र कळल्या नाहीत. तिन्ही दुपारी, तू आलीस की अंगणातले उभे पुरुष असे ओरडायला लागायचे, टोप्या उडवायचे, की वर आम्हाला एक अक्षर ऐकू आलं नाही. तू थांबलीही नाहीस. सगळं शांतपणे बोलून मोकळी झालीस. त्या ओळी जगात फक्त तुला माहीत आहेत. आठवत असतील तर तू भर.

आता ते दुसरं. बेर्मुदोचं बोलणं ऐकल्यापासून मनात घोळतंय, तर लिहूनच टाकते.

तू सगळ्यांना सांगितलंस की कासिल्दाने नाटक चोरलं, तीन दुपारी ऐकून घरी उतरवलं आणि सालदान्याच्या मंडळीला दिलं, आणि तुम्ही व्हॅलेन्सियाला पोचायच्या आठ दिवस आधी त्याने ते तिथे करून टाकलं. खरं आहे. मी दिलं. त्याने मागितलंही नव्हतं. मीच त्याच्याकडे गेले.

पण पहिल्या दुपारी मी सज्ज्यात का गेले होते, आठवतं? तू बोलावलं होतंस. मी नवीन ओढणी घेऊन गेले. आणि बेनिताने तोंड उघडलं, आणि ती माझ्या तोंडाने बोलायला लागली. “माझ्या मालकिणीला दोन मनं आहेत, एक लग्नाला तयार आहे आणि दुसरं जेवून मग सांगते म्हणतं.” हे मी तुझ्या स्वयंपाकघरात बोलले होते, मटण चिरता चिरता. विधुरांवरचं ते भाषण, ते तर मी बाकावर पडून बोलले होते, सर्दी झाली होती तेव्हा. बेनिताचं निम्मं काम माझं होतं. हजार माणसं हसत होती आणि शेजारची बाई मला कोपर मारून म्हणाली, “हे लिहिणारा माणूस किती हुशार असेल.”

मी भावोजींना काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं. ते हसले असते आणि माफी मागितली असती, मला माहीत आहे, ते तसेच होते. मी त्याऐवजी आणखी दोन दुपारी गेले आणि उरलेलं उचललं. माझं मला परत हवं होतं, पण माझं तेवढंच वेगळं काढता येईना, म्हणून सगळंच नेलं.

ही सबब नाही. तू विचारलं नव्हतंस आणि मी सांगितलं नव्हतं, एवढंच.

कासिल्दा


माद्रिद, १२ मार्च

ताई,

आल्या. बारा ओळी आल्या. वर नाव नाही, खाली सही नाही, कशी आहेस नाही. नुसत्या बारा ओळी, तुझ्या त्या वाकड्या अक्षरात. मी कागद घेऊन दुकानभर फिरले. लुपेर्सिओने करवत लावून मोजल्या, म्हणाला, “बारा गुणिले आठ, बरोबर. तुझी बहीण पक्की आहे.”

आणि काय निघालं तर त्यात. अकरा वर्षं मी कल्पना करत होते की तिथे प्रेमाविषयी काहीतरी असणार, स्वातंत्र्याविषयी, चंद्राविषयी. भावोजींनी तिथे कुलपाला तेल कधी घालावं ते लिहिलंय. दर पंधरा दिवसांनी, आणि चावी आधी पुसून. त्यांना माहीतच होतं ना, की तिथे कुणाला काही ऐकू येणार नाही. मी इतकी हसले की शेजारीण काय झालं बघायला आली. मग तिला पूर्ण दुसरा अंक ऐकावा लागला. ती आता रोज येते. तिसऱ्या अंकासाठी लोणी घातलेली बिस्किटं आणायला तयार आहे, उपास संपल्यावर.

तिसऱ्या अंकाचं खरं सांगायचं तर मला झोप लागत नाहीये. सालदान्याला दिला तेव्हा मी तो तसाच दिला नव्हता. शेवट बदलला होता. भावोजींच्या शेवटात पुतणी नायकाशी लग्न करते, आणि मग नेहमीप्रमाणे नायकाचा नोकर बेनिताचा हात धरतो आणि तिचंही लागून जातं, दोन ओळींत. मला ते पटलं नव्हतं. अख्खं नाटकभर जी दोन माणसांचं बोलते तिला शेवटी कुणी एक शब्दही विचारत नाही. म्हणून मी बेनिताच्या तोंडी नकार घातला. तिथून मागे मागे जात इतरही ठिकाणी हात लावला. आणि आता मला कळेनासं झालंय की तिसऱ्या अंकात भावोजी कुठे संपतात आणि मी कुठे सुरू होते. बायकांना धरून आठवायला जाते तर सज्ज्यातल्या बायका मला माझ्या ओळींवरही हसताना दिसतात, ज्या त्यांनी कधी ऐकल्याच नाहीत.

तुला फसवायचं नाही. म्हणून तिसरा अंक दोनदा लिहिला आहे. लाल दोऱ्याने बांधलेला, माझ्या मते, भावोजींचा. साध्या दोऱ्याने बांधलेला माझ्या शेवटाचा. नाटक त्यांचं आहे आणि मंडळी तुझी. तू कुठलाही कर. लाल केलास तर मी काही म्हणणार नाही.

कासिल्दा


माद्रिद, २६ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. पत्रच म्हणते, कारण त्यात सात वाक्यं आहेत आणि पहिलं “कासिल्दा” असं आहे.

मला ते पाठ झालं, ते तर होणारच होतं. “दामियानला माहीत होतं. तू जेवायला येणार असलीस की तो मला म्हणायचा, शाई भरून ठेव, कासिल्दा येतेय. माद्रिदचे खेळ झाल्यावर तुला बेनिताचे शब्द तुझे आहेत म्हणून सगळ्यांसमोर उभं करायचं आणि चकित करायचं, असं त्याच्या मनात होतं. मी म्हटलं होतं आधी सांग. तो म्हणाला, गंमत जाईल.”

गंमत जाईल. हे वाचून मी भावोजींवर रागावले, मग स्वतःवर, मग तुझ्यावरही थोडी, की अकरा वर्षांत हे सांगितलं नाहीस. लुपेर्सिओ म्हणाला, “तुम्ही तिघांनी मिळून एकमेकांपासून इतकं लपवलंय की त्यावर चौथा अंक होईल.” मी त्याला कंगवा फेकून मारला. लागला नाही. मग आम्ही दोघं हसत बसलो, आणि मला एकदम हलकं वाटलं, ताजा पाव भट्टीतून काढल्यावर तो वजनाला जसा वाटतो तसं.

शेवटाविषयी तू फक्त “दोन्ही मिळाले, बघू” लिहिलंस. बरं. बघू.

परवाना देणाऱ्या पाद्र्याने चार ओळी खोडल्याचं तिबुर्सिओकडून कळलं. त्या जोगिणींच्या मठावरच्या असतील. त्या माझ्या होत्या. सर्दी झाली होती तेव्हाच्याच.

तुम्ही पुढच्या आठवड्यात इथे याल. मी सरावाला येणार नाही. बोलवलंस तरी नको. मला ते वरूनच बघायचंय.

तुझी कासिल्दा


माद्रिद, ३ मे

ताई,

निघताना तू खेचरावर बसून म्हणालीस, “वरून कसं दिसलं ते सगळं लिही, मला खालून नुसत्या टोप्या दिसतात.” तर ऐक.

दुपारी दोनचा खेळ आणि बायका अकरापासून दारात. पाच वर्षांची भूक होती. तो बायका दाबून बसवणारा माणूस तोच आहे, फक्त म्हातारा झालाय आणि आता बायकाच त्याला दाबतात. मी, शेजारीण आणि तिची सासू पुढच्या कठड्याला. हेझलनटवाली कुठे दिसली नाही, पण माझ्या मागे एक खजूर खाणारी होती आणि ती बिया माझ्या ओढणीत टाकत होती.

पहिल्या अंकात मी काही बघितलंच नाही. मी ओठ हलवत होते. बेर्मुदो काकाचं भाषण म्हणताना एक ओळ विसरला आणि मी ती मोठ्याने बोलले. सासूने वळून बघितलं. “पाठ आहे का गं तुला?” मी म्हटलं, थोडंसं.

दुसऱ्या अंकात तू आलीस, एप्रन घालून. ताई, तू त्रेचाळीस वर्षांची आहेस आणि विजारीत अजून तशीच चालतेस, जणू रस्ता तुझ्या बापाचा आहे. अंगणात तोच गदारोळ, टोप्या, शिट्ट्या. तुझ्या बारा ओळी याही वेळी कुणालाच ऐकू गेल्या नाहीत. पण मी कठड्याला धरून तुझ्याबरोबर बाराच्या बारा म्हटल्या, पंधरा दिवसांनी तेल, आणि चावी आधी पुसून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारणीला वाटलं धूळ गेली.

मग बेनिता कुलपातून बोलायला लागली. ती तुझी नवी मुलगी, एल्विरा, चांगली आहे. घाई करते, पण चांगली आहे. विधुरांच्या भाषणाला एक विधुर अंगणातून उठून गेला आणि परत येऊन बसला, कारण त्याला पुढचं ऐकायचं होतं.

आणि तिसरा. मला अजून माहीत नव्हतं तू लाल घेतलास की साधा. पुतणीचं लग्न ठरलं. नोकर बेनिताकडे आला, हात पुढे केला, आणि म्हणाला, “चल, आपलंही उरकून टाकू.” एल्विराने त्या हाताकडे बघितलं, मग आमच्याकडे वर बघितलं. ते तू शिकवलं असणार, ते मी लिहिलं नव्हतं. आणि म्हणाली, “मला नको. आत्ताच तर दार उघडलंय.”

मग सज्ज्याच्या मागच्या रांगेतून एका बाईने कमरेचा जुडगा काढून खळखळ वाजवला. मग दुसरीने. खाली तुमचे चेहरे पडलेले मला दिसले. बायका चाव्या वाजवायला लागल्या की नाटक बुडालं, हे सगळ्यांना माहीत आहे. बेर्मुदो पडद्याकडे पळायच्या बेतात होता. आणि तू एकटी कुलूपवाल्याच्या पिशवीत हात घालून उभी होतीस आणि कान देऊन ऐकत होतीस. तुला कळलं. त्या हसत होत्या. तीनशे बायका घरच्या चाव्या वाजवत होत्या आणि हसत होत्या, आणि सासू, जिने सुनेला चाव्यांना कधी हात लावू दिला नाही, तिने तिचा जुडगा माझ्या शेजारणीच्या हातात दिला आणि म्हणाली, “माझा हात दुखतो, तू वाजव.”

तेव्हा तू पुढे आलीस. चुकांची माफी मागायच्या जागी तू काय बोललीस ते तुला माहीत आहे. पण वरून कसं ऐकू आलं ते सांगते, कारण तू तेच विचारलंस. तू म्हणालीस, “नाटक दामियान आगुइलारचं. आणि बेनिता माझ्या बहिणीची, कासिल्दा रोल्दानची, जी तिथे वर बसली आहे आणि उभी राहायला लाजतेय.” मी खरंच उभी राहत नव्हते. खजूरवालीने मला बगलेत धरून उचललं.

आता तुला जे माहीत आहे ते लिहीत नाही. कपडे बदलायच्या खोलीत तू मला बघून पहिलं काय बोललीस, “जाड झालीस,” आणि मी “तूही,” आणि पुढचं सगळं, हे कागदावर मांडण्यासारखं नाही.

एक मात्र. सारागोसाला जाताना तू म्हणालीस, शरद ऋतूत मला नवीन नाटक हवंय, लिही. मी म्हटलं मला लिहिता येत नाही, मला नुसतं आठवतं. तू खेचराला टाच मारलीस आणि जाता जाता म्हणालीस, “मग बेनिता कुणाची होती?” आणि उत्तर द्यायच्या आत निघून गेलीस. हा रडीचा डाव आहे.

तुझी कासिल्दा


माद्रिद, २९ जून

ताई,

सारागोसात एकोणीस दिवस नाटकघर भरलं हे वाचून लुपेर्सिओने शेजाऱ्यांना वाइन पाजली. बेर्मुदोला त्याचा दाढीचा कंगवा मिळाला का?

पुडक्यात नव्या नाटकाचा पहिला अंक आहे. तीन आठवडे लागले. मला सवय नाही ना. बसले की डोळे मिटून सज्ज्यात जायची आणि वाट बघायची की कुणीतरी काहीतरी बोलेल. कुणी बोलेना. सगळ्या बायका माझ्याकडेच बघत बसल्या होत्या. शेवटी कंटाळून मीच बोलायला लागले.

काल लुपेर्सिओला म्हणून दाखवला. तो शिंगाच्या पट्टीवर करवत चालवत होता, आठ आठ दात, नेहमीसारखा. दुसऱ्या प्रवेशात हसला. तिसऱ्यात त्याने करवत खाली ठेवली.

“हे मी कधी ऐकलं नाही,” म्हणाला. “तू कुठे ऐकलंस?”

“मी पण कुठे ऐकलं नाही,” मी म्हटलं.

तुझी कासिल्दा